धार आणि भार

धातू कापणारी धार ज्या क्षणी आपले काम करत असते, नेमकी त्याच क्षणी ती कोणालाही दिसत नसते. कामाआधी ती दिसते: चपट्या डबीतून निघालेला, सोनेरी किंवा काळसर लेप ल्यालेला, बोटाच्या नखाएवढा इन्सर्ट, आणि त्याच्या कोपऱ्यावरची ती सूक्ष्म, अजून कशालाही न भिडलेली कड. कामानंतरही ती दिसते. भिंगाखाली धरली तर घासलेली, खळगा पडलेली, कधी टवका उडालेली. पण या दोन दर्शनांच्या मधला सगळा काळ, ज्यात तिचे धारपण सार्थ होते आणि सरतही जाते, ती धातूच्या आत, कूलंटच्या दुधाळ फवाऱ्याआड, सीएनसी यंत्राच्या बंद दारामागे असते. भोसरीच्या, चाकणच्या किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या शेडमध्ये अशा यंत्रासमोर उभे राहिले, तर त्या अदृश्य घटनेची एकच खूण पडद्यावर उमटत असते: स्पिंडल लोड, म्हणजे यंत्राच्या मुख्य मोटरवर पडलेल्या भाराची टक्केवारी, ३२, ३४, ३१, पुन्हा ३४ अशी अस्वस्थपणे हलणारी. जे दिसत नाही त्याच्याविषयी, त्याने दुसऱ्यावर टाकलेल्या भारावरून अनुमान करायचे, ही रीत मला यंत्रशाळेत भेटली. पण ती यंत्रशाळेपुरतीच आहे असे मला कधी वाटले नाही. माणसाच्या झिजेविषयीही आपण याहून निराळ्या वाटेने फारसे काही जाणत नाही.

लेथवर उभ्या असलेल्या जुन्या टर्नरला ही टक्केवारी लागत नसे. त्याचा एक हात क्रॉस स्लाइडच्या चाकावर असे, आणि त्या चाकातून टूलचा सारा प्रतिकार थेट त्याच्या मनगटापर्यंत पोचत असे. कान आवाजाकडे, डोळा चिपकडे. पोलादाची चिप पिवळसर, मग जांभळट, मग निळी होत गेली की उष्णता कुठवर चढली आहे हे त्याला उमगे. जॉबच्या, म्हणजे कापल्या जाणाऱ्या वस्तूच्या, अंगावरची चमक मंदावली, कडेला बर, म्हणजे धातूचा खरखरीत काठ, राहू लागला, आवाजात एक कोरडी किरकिर मिसळली, की तो काही न बोलता टूल काढून ग्राइंडरकडे वळे. हे ज्ञान त्याच्या शरीरात मुरलेले होते आणि शरीराबरोबरच ते निवृत्त होत असे. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने छिद्रित फितीवरच्या आकड्यांनी चालणारे मिलिंग यंत्र जाहीरपणे दाखवले, तेव्हापासून हात हळूहळू चाकावरून निघत गेला. फितीच्या जागी संगणक आला, यंत्राला दार आले, एका ऑपरेटरकडे दोन-तीन यंत्रे आली, आणि तिसरी पाळी माणसावाचून चालावी अशी आकांक्षाही आली. हात गेला तेव्हा हाताला जे कळत होते तेही गेले. ते परत मिळवण्यासाठी मग मोटरच्या विद्युतप्रवाहात, टूल होल्डरच्या कंपनात, धातू फाटताना उठणाऱ्या आणि आपल्या कानांच्या पलीकडे असलेल्या ध्वनीत त्याचा शोध सुरू झाला. आपण ज्याला प्रगती म्हणतो तिचा बराचसा भाग, आधी हातून सुटलेला स्पर्श दूरच्या वाटेने पुन्हा मिळवण्यातच खर्च होत असावा.

झिजणे म्हटले की मराठी मनाला चंदन आठवते, इतके ते संतवाङ्मयापासून शाळेच्या सुविचारफलकापर्यंत आपल्या अंगवळणी पडले आहे. पण चंदनाचे झिजणे आणि टूलचे झिजणे यांच्यात मोठे अंतर आहे. सहाणेवर चंदनाचे जे झिजते तेच गंध होते. झीज हेच तिथले फळ, आणि म्हणून त्या झिजण्याचा गौरवही सोपा. टूलची झीज मात्र कुणाच्या कपाळी लागत नाही. टंगस्टन कार्बाइडचे सूक्ष्म कण, त्यांना धरून ठेवणारा कोबाल्टचा बंध सुटला की, कूलंटबरोबर निनावीपणे वाहून जातात. आणि मागे उरते ते एका दुसऱ्याच वस्तूचे, एखाद्या ब्रेक ड्रमचे किंवा पंपाच्या कवचाचे, नेमके माप. उपकरणाची सचोटी अशी की त्याच्या झिजेचा मागमूस त्याच्या निर्मितीत नसावा. तो दिसू लागला, पृष्ठभागावर रेघ उमटली, दंडगोलाचा व्यास कणाकणाने वाढू लागला, की समजावे, हे उपकरण आता आपल्या वस्तूमध्ये स्वतःची कहाणी मिसळू लागले आहे आणि त्याला बाजूला करण्याची वेळ आली आहे. लेखकालाही हा निकष लावता येईल का, असा प्रश्न मनात येतो आणि मी तो तूर्त बाजूला ठेवतो.

या झिजेला स्वतःची लय असते. नव्या कडेचे अतितीक्ष्ण टोक पहिल्या थोड्या वेळात चटकन बोथटते. मग दीर्घ काळ ती संथपणे, जवळजवळ सरळ रेषेत झिजत राहते. आणि शेवटी एका वळणावर झीजच झिजेला वाढवू लागते: बोथट कडेमुळे घर्षण, घर्षणामुळे उष्णता, उष्णतेमुळे कार्बाइडला आलेला मऊपणा, आणि त्या मऊपणामुळे आणखी बोथट कड. टूलच्या बाजूवर घासून जो पट्टा तयार होतो, त्याची सरासरी रुंदी ०.३ मिलिमीटर झाली की टूलचे आयुष्य संपले असे धरावे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा संकेत आहे. एवढ्याशा अंतरात एक अख्खे आयुष्य, त्याची उमेद, त्याचे स्थैर्य आणि त्याचा ऱ्हास, मावून जाते. त्यातला मधला टप्पा तर इतका संथ की त्यात काही घडतच नाही असे वाटावे. योगसूत्रांच्या शेवटच्या पादात क्षण आणि त्यांचा क्रम यांविषयी एक सूत्र आहे, आणि त्यावरच्या व्यासभाष्यात वस्त्राचा दृष्टांत आहे. जपून ठेवलेले नवे वस्त्रही एके दिवशी जीर्ण झालेले दिसते. पण ती जीर्णता त्या दिवशी अवतरलेली नसते, होऊन गेलेल्या प्रत्येक क्षणाने तिच्यात आपला सूक्ष्म वाटा घातलेला असतो, आणि हा क्रम ध्यानात येतो तो मात्र परिणामाच्या अखेरीस. टूलवर देखरेख ठेवणारी सगळी विद्या म्हणजे, अंती कळणारा हा क्रम अंतापूर्वी कळावा यासाठी चाललेली धडपड आहे. योग्याची दृष्टी नसलेल्या आपल्यासारख्यांना त्यासाठी भारमापक लागतो.

पण भार वाढतो म्हणजे नेमके काय होते? १७९८ साली काउंट रम्फर्डने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला, त्याची आठवण मला इथे होते. म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना धातू एवढा तापतो कसा, हा त्याचा प्रश्न होता. आणि उत्तर शोधण्यासाठी त्याने मुद्दाम बोथट बोअरर घेतला, घोड्यांच्या बळावर यंत्र फिरवले, भोवती पाणी ठेवले, आणि अडीच तासांनी ते पाणी विस्तवावाचून उकळू लागले. उष्णता हा कुठला साठवलेला द्रव नसून गतीचेच रूप आहे, या विचाराला तिथून बळ मिळाले. विज्ञानाच्या इतिहासात बोथट हत्याराच्या वाट्याला आलेला हा सन्मान विरळाच. धारदार हत्याराची शक्ती मुख्यतः कापण्यात जाते, बोथट हत्याराची घासण्यात आणि तापण्यात. पडद्यावरची टक्केवारी ३४ वरून ४५ कडे सरकते तेव्हा यंत्र अधिक काम करत नसते. तेवढ्याच कामासाठी ते अधिक शिणत असते. बाहेरून पाहणाऱ्याला श्रम आणि कार्य यांतला हा भेद सहसा दिसत नाही. बोथट हत्यार अधिक आवाज करते, अधिक तापते, अधिक शक्ती ओढून घेते, आणि म्हणून ते अधिक कष्टाळूही भासते. कार्यालयांत आणि घरांत अशा कष्टाळूपणाचे आपण किती कौतुक करतो, आणि खरोखर धारदार माणसाचे काम सहजपणे होते म्हणून त्याला काही कामच नाही असे किती वेळा समजतो, हे आठवले की तो आकडा मला थोडा बोचतो.

धारेच्या आयुष्याला गणितात पकडण्याचे श्रेय फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकी अभियंत्याचे. फिलाडेल्फियाच्या मिडवेल पोलाद कारखान्यात १८८० च्या सुमारास त्याने धातू कापण्याचे प्रयोग आरंभले आणि ते पुढची २६ वर्षे चालू राहिले. नोंदलेले प्रयोगच ३० ते ५० हजार, आणि त्यांत केवळ जाणून घेण्यासाठी ज्याच्या चिपा केल्या तो धातू ८ लाख पौंडांहून अधिक. टूलवर पाण्याची जोरदार धार सोडली तर गती सुमारे ४० टक्के वाढवता येते हे त्याला आरंभीच्या वर्षांतच कळले होते. पुढे बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात सहकारी मॉन्सेल व्हाइटबरोबर त्याने पोलादावर अशी उष्णताप्रक्रिया बसवली की टूलचे टोक लालसर तापले तरी धार टिकावी. या सर्वांचा वृत्तान्त त्याने १९०६ साली अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे, तिचा अध्यक्ष या नात्याने, वाचला. त्याची मोजण्याची पद्धत मला विलक्षण वाटते. टूल किती चांगले, हे तो विचारत नाही. कोणत्या गतीने चालवले तर ते बरोबर २० मिनिटांत निकामी होईल, हे विचारतो. प्रत्येक हत्याराला समान मरणघटिका नेमून द्यायची आणि मग त्या अवधीत ते किती वेगाने जगू शकते हे पाहायचे, या कल्पनेत थंडपणा आहे आणि त्याच वेळी एक कठोर न्यायबुद्धीही आहे.

त्या प्रयोगांतून निघालेला नियम सुटसुटीत आहे: कापण्याची गती आणि आयुष्याचा एक लहानसा घात यांचा गुणाकार स्थिर राहतो. तो घात टूलच्या द्रव्यावर अवलंबून. कार्बाइडसाठी तो साधारण पाव धरतात. म्हणजे गती २० टक्क्यांनी वाढवली तर आयुष्य निम्म्याहूनही कमी होते, आणि दुप्पट केली तर सोळावा हिस्सा उरतो. घाईची किंमत सरळ प्रमाणात मोजावी लागत नाही, ती चौपदरी वसूल होते, ही गोष्ट आपल्या आजी-आजोबांनी कोणत्याही घातांकाशिवाय सांगितली असेल. पण नियमाला दुसरीही बाजू आहे. गती फार कमी ठेवली तर टूल दीर्घायुषी होते खरे, पण यंत्र, माणूस आणि दिवस यांचे आयुष्य तेवढे खर्ची पडते; शिवाय अगदी मंद गतीत पोलादाचा थर कडेवर चिकटून बसतो आणि उखडताना कडेचाही कण घेऊन जातो. म्हणून जपून वापरणे आणि वाया घालवणे यांच्यामध्ये जी पातळ रेषा आहे ती स्थिर नाही. ती दर द्रव्यागणिक, दर कामागणिक नव्याने आखावी लागते. टेलरच्या नियमाने ती आखण्याचे साधन दिले, तिच्यावर चालण्याचा विवेक मात्र दिला नाही, आणि तो कुठल्याच नियमाला देता येत नसावा.

भारावर लक्ष ठेवणारी प्रणाली आरंभी काहीच जाणत नसते. तिला शिकवावे लागते. त्यासाठी कोरा इन्सर्ट बसवायचा, निर्दोष जॉब लावायचा, आणि एक आवर्तन तिला नुसते अनुभवू द्यायचे: टूल धातूला भिडताना उसळणारा भार, मग समेवर येणे, कोपऱ्याशी पुन्हा चढणे, बाहेर पडताना ओसरणे. ही पहिली वक्ररेषा म्हणजे त्या टूलचे, त्या कामातले, तारुण्य. पुढचे प्रत्येक आवर्तन याच रेषेशी ताडून पाहिले जाते. तिच्या वर एक मर्यादा असते, ती ओलांडली की टूल म्हातारे झाले असे समजून मॅगझिनमधले तसलेच दुसरे टूल बोलावायचे. तिच्याही वर आणखी एक, ती ओलांडली की विचार न करता फीड, म्हणजे टूलचे पुढे सरकणे, तत्काळ थांबवायचे. यातले मर्म असे की इथे कुठलाही सार्वत्रिक मापदंड नाही. एका ड्रिलला ४० टक्के भार हा निरोगीपणा असेल आणि शेजारच्या बोअरिंग बारला १५ टक्के हा इशारा असेल. प्रत्येकाचा निकष त्याचे स्वतःचे नवेपण. माणसांना एकमेकांच्या मापाने मोजण्याची आपली सवय पाहिली की यंत्राची ही समजूत मला अधिक सुसंस्कृत वाटते.

आणि तरीही आकडा फसवतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेल्या बिडाच्या कास्टिंगमध्ये कुठेतरी झटकन थंड झालेला, काचेसारखा कठीण भाग असतो. त्वचेत साच्याची वाळू अडकलेली असते. कधी ओतीव वस्तूच थोडी जाड आलेली असते. टूल निर्दोष, पण भार उसळतो, आणि प्रणाली एका नव्या कोऱ्या कडेला म्हातारी ठरवते. मर्यादा सैल केली तर खरा बोथटपणा निसटतो, घट्ट केली तर यंत्र दर तासाला खोट्या हाकाटीने थांबते, आणि मग वैतागलेला सेटर ती सूचनाच बंद करून टाकतो. अनुभवी माणसे म्हणून एका आकड्याकडे पाहत नाहीत, आकड्यांच्या वाटचालीकडे पाहतात. एखाद्या जॉबला एकाएकी चढलेला भार त्या जॉबचा असतो; अनेक जॉबांवरून सावकाश चढत आलेला भार टूलचा असतो. परिस्थितीचा दोष आणि व्यक्तीची झीज यांत फरक कसा करावा, याचे एवढे नेमके सूत्र मला नीतिशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच सापडले आहे.

लहान टूलांची गोष्ट निराळी. ५० मिलिमीटरचा फेस मिल ज्या स्पिंडलवर चालतो, त्याच स्पिंडलवर १ मिलिमीटरचा ड्रिल चढवला, तर त्याचा भार एवढा अल्प असतो की मोटर रिकामी फिरताना बेअरिंगमध्ये जे घर्षण होते त्यातच तो हरवून जातो. तो बोथटला काय, मोडला काय, आकडा हलत नाही. त्याच्यासाठी मग निराळी तजवीज करावी लागते: दर आवर्तनानंतर एखादा बारीक काटा येऊन ड्रिलचे टोक जागेवर आहे ना, हे स्पर्श करून पाहतो, किंवा प्रकाशाचा एक झोत त्याला न शिवता तेच तपासतो. मोठ्या व्यवस्थांना लहानांची झीज भाराच्या रूपाने कधी जाणवतच नाही, कारण लहानांचा भार मुळात व्यवस्थेच्या स्वतःच्या कुरकुरीपेक्षा कमी असतो. त्यांच्यापाशी जाऊन, थांबून, ती आहेत ना एवढेच पाहावे लागते. हे पाहण्यात वेळ जातो, आणि वेळ जातो म्हणून हीच तपासणी आवर्तनातून पहिल्यांदा वगळली जाते.

पण या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत अधिक खिळवून ठेवते ती खालची मर्यादा. भार वाढला तर काळजी करावी, हे कुणालाही सुचेल. भार कमी झाला तरी काळजी करावी, हे सुचायला मात्र एकदा मोडलेल्या टूलला रिकाम्या हवेत शांतपणे फिरताना पाहिलेले असावे लागते. टूल तुटते तेव्हा क्षणभर भार उसळतो, आणि मग एकदम शून्याजवळ येऊन स्थिरावतो. स्पिंडल फिरत राहतो, कूलंट वाहत राहतो, अक्ष आपापल्या वाटेने ठरल्या जागी जाऊन परततात, आवर्तन वेळेवर पूर्ण होते. फक्त काही कापले जात नाही. पुढचे टूल मग न पडलेल्या भोकात आटे पाडायला जाते आणि तेही मोडते. पडद्यावर मात्र ती सारी वेळ अत्यंत निवांत दिसते. आपण एकमेकांची विचारपूस करतो ती बहुतेक वेळा वरच्या मर्यादेची असते: फार ताण नाही ना, फार दगदग नाही ना. ज्याच्यावरचा भार एकाएकी उतरला, ज्याची कुरकुर थांबली, जो सगळ्या गोष्टींना बरे म्हणू लागला, त्याच्याविषयी आपण निश्चिंत होतो. प्रतिकार जाणवतो तोवर धार धातूला भिडलेली आहे, ती काहीतरी करते आहे, एवढी तरी खात्री असते. तो जाणवेनासा झाला तर त्याचे कारण विश्रांतीच असेल असे नाही.

भार आणि विश्रांती यांचे प्रमाणही टेलरनेच काढू पाहिले, आणि या वेळी यंत्रावर नव्हे, माणसावर. बेथलेहेमच्या कारखान्यात मजूर ९२ पौंडांचे कच्च्या लोखंडाचे ठोकळे उचलून वाघिणीत नेत. त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने आकडेमोड करून नियम काढला की असे ओझे वाहणारा उत्तम मजूरही दिवसाच्या ४३ टक्के वेळच भाराखाली राहू शकतो. उरलेले ५७ टक्के त्याचे हात मोकळे असले पाहिजेत. रोज साडेबारा टन वाहणारा माणूस या मापाने साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, असे टेलरने अभिमानाने लिहून ठेवले आहे. विसावा हा कामाचाच घटक आहे, तो चोरून घ्यायची वस्तू नाही, हे मान्य करणारा हा विचार मला मोलाचा वाटतो. आणि केव्हा उचलायचे, केव्हा बसायचे, हे शेजारी घड्याळ घेऊन उभा असलेला दुसराच कुणी सांगणार, हे वाचून मी तितकाच अस्वस्थही होतो. १९११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाऊनच्या शस्त्रागारात त्या घड्याळाविरुद्ध ओतारी कामगार काम सोडून बाहेर पडले. इन्सर्ट असा बाहेर पडत नाही. मर्यादा कोणी आखली हा प्रश्न त्याला नसतो. माणसाला मात्र मर्यादा किती यापेक्षा ती कोणी आखली हाच प्रश्न मोठा असतो. आज ज्या वाहिनीने टूलचा भार कार्यालयातल्या पडद्यावर जातो, त्याच वाहिनीने यंत्र किती मिनिटे थांबले हेही जाते, आणि त्या मिनिटांसमोर ऑपरेटरचे नाव असते.

या मोजमापाच्या जगापासून दूर, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या च्वांग-त्सूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी ग्रंथात एका पाककर्त्याची कथा आहे. सामान्य पाककर्ता दर महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाने बदलतो. याची सुरी मात्र १९ वर्षे हजारो बैल कापूनही सहाणेवरून नुकतीच उतरल्यासारखी. कारण तो हाडावर घाव घालत नाही. सांध्यांमध्ये जी रिकामी जागा असते तिच्यातून जाडी नसलेली धार नेतो. कथेतला मला अधिक आवडणारा तपशील पुढचा आहे: गुंतागुंतीची जागा आली की तो सावध होतो, नजर स्थिर करतो आणि हात मंद करतो. १९६० च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी बेंडिक्स कंपनीने जी पहिली अनुकूलक नियंत्रणे रचली, ती चालत्या कटातले भार आणि कंपने जाणून गती आणि फीड आपोआप बदलत. कठीण जागा आली की मंद होणे हे त्यांनाही शिकवलेले होते. कुणी म्हणेल, बैलाला सांधे असतात, पोलादाला कुठले? पण १९३४ साली जी. आय. टेलर (हा दुसरा टेलर), ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की धातू त्याच्या सैद्धांतिक बळाच्या मानाने फारच कमी जोराला नमतो, कारण त्याच्या स्फटिकांच्या रांगांमध्ये जागोजाग विस्थापने, म्हणजे अर्धवट राहिलेल्या ओळी, असतात आणि त्याच सरकत जातात. निर्दोष स्फटिक कापायला गेलो असतो तर आपली कुठलीच धार पुरली नसती. धातूलाही सांधे असतात. आणि सगळी यंत्रविद्या शेवटी जगाच्या घडणीत राहून गेलेल्या अपुरेपणातूनच वाट काढत आलेली आहे.

मग टूल बदलायचे केव्हा? १९ वर्षांनी नव्हे. इन्सर्टच्या कॅटलॉगमध्ये जी गती छापलेली असते ती बहुधा कडेच्या १५ मिनिटांच्या आयुष्यावर बेतलेली असते. तेही सरासरीचे. एकाच डबीतले दहा इन्सर्ट एकाच बिडावर सारखेच चालवले तरी त्यांची आयुष्ये सारखी निघत नाहीत. कुणी लवकर जातो, कुणी दीडपट चालतो. ज्या शेडमध्ये भारमापन नाही तिथे म्हणून जॉब मोजतात आणि सर्वांत अल्पायुषी इन्सर्टला सुरक्षित वाटेल असा आकडा ठरवतात. तो आकडा भरला की इन्सर्ट फिरवून पुढचा कोपरा कामाला लावायचा, मग त्या कडेत कितीही जीव शिल्लक असो. दुबळ्याच्या मापाने सबळालाही निवृत्त करणारी ही पद्धत अन्यायी आहे, आणि सुरक्षितही. भारावर लक्ष ठेवण्याचे वचन असे की प्रत्येक कडेला तिचे स्वतःचे आयुष्य जगू द्यावे. ते वचन बऱ्याच अंशी पाळले जाते. पण पूर्णपणे नाही, कारण शेवटच्या टप्प्यातली झीज इतकी वेगाने वाढते की तिथे पोचून मग थांबू म्हणणाऱ्याला थांबायला वेळ मिळत नाही. सगळे चारही कोपरे वापरून झालेले इन्सर्ट कोपऱ्यातल्या डब्यात जमा होतात आणि किलोवर विकले जातात. त्यांतल्या टंगस्टनला आणि कोबाल्टला पुनर्जन्म असतो. त्या डब्यातले बहुतेक कोपरे अजून थोडे कापू शकले असते.

हे थोडे उरणे पूर्वी मला उधळपट्टी वाटत असे. आता मी त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. पूर्ण झिजेपर्यंत चालवलेल्या कडेचा हिशोब तिच्यापुरता चोख असतो, पण तिने केलेला शेवटचा जॉब पहिल्यासारखा नसतो. आणि ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या त्या शेवटच्या जॉबला, आपण कितव्या क्रमांकाला आलो याच्याशी काही कर्तव्य नसते. त्याला आपले माप बरोबर हवे असते. वेळेवर थांबणे याचा अर्थच काहीतरी शिल्लक असताना थांबणे असा आहे, आणि ती शिल्लक वाया गेलेली नसते; शेवटची वस्तूही पहिलीइतकीच खरी निघावी यासाठी मोजलेली ती किंमत असते. सर्वस्व झिजवून टाकण्याचा आदर्श आपल्याकडे फार पूजला गेला. त्यात देणाऱ्याचा गौरव आहे, घेणाऱ्याचा विचार मात्र तितकासा नाही. ज्याला आपल्या कामाची खरी आस्था आहे, त्याने स्वतःकडे थोडी धार राखूनच काम खाली ठेवावे, हे शहाणपण मला भाराच्या त्या चंचल आकड्याने शिकवले. आणि ती राखलेली धार किती असावी हे दर कामागणिक नव्याने ठरवावे लागेल, हेही त्यानेच.